घरच्या मटणाचा बोकड

कुटुंबाला लागणाऱ्या मांसासाठी घरीच जनावर वाढवण्याची रीत जगभर जुनी आहे. अमेरिकेतल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या शेतावर असे जनावर बहुधा गोऱ्हा असते. वाशीम जिल्ह्यात ते बोकड असते. कारंजा, मानोरा, मंगरूळपीर, मालेगाव, रिसोड आणि वाशीम या सहाही तालुक्यांत कोठ्याच्या एका कोपऱ्याला किंवा अंगणातल्या निंबाला दोन-चार बकऱ्या बांधलेल्या दिसतात, आणि त्यांतला एखादा बोकड धुळवडीसाठी, आखाडीसाठी, नवसासाठी किंवा ईदसाठी राखलेला असतो.

गोऱ्ह्याऐवजी बोकड, यामागचे पहिले कारण कायद्याचे आहे. वाशीम हा अकोला जिल्ह्याचा भाग होता तेव्हाच, म्हणजे १९४९ साली, मध्यप्रांत व वऱ्हाडात पशुसंरक्षणाचा कायदा झाला. १९५८ च्या गाजलेल्या हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे बिहार आणि उत्तर प्रदेशाच्या कायद्यांबरोबर हाही कायदा होता. गाई-वासरांच्या वधावरची बंदी न्यायालयाने मान्य केली. निकामी झालेल्या बैलांवरची सरसकट बंदी मात्र तेव्हा टिकली नाही. पुढे महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम, १९७६ आला आणि १५ एप्रिल १९७८ पासून लागू झाला. त्यात गाय पूर्ण वर्ज्य होती, पण बैल आणि वळू प्रमाणपत्र घेऊन कापता येत. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळायला वीस वर्षे गेली. ४ मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही बंदीखाली आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने परराज्यातून आणलेले मांस बाळगण्यावरची बंदी रद्द केली, पण वधबंदी कायम ठेवली.

म्हैस, रेडा आणि पारडी या बंदीत नाहीत. मात्र दुधाला, कामाला किंवा पैदाशीला उपयोगी असलेल्या जनावराला वधाचे प्रमाणपत्र मिळत नाही, आणि प्रमाणपत्र मिळाले तरी वध ठरलेल्या ठिकाणीच करावा लागतो. घरच्या कोठ्यात वाढवून घरीच कापण्याचे जनावर म्हणून रेड्याचा विचार त्यामुळे कुणी करत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी मोठे जनावर एका घराच्या आवाक्यातले नाही. पाचशे किलोचा गोऱ्हा कापला की सोललेल्या धडाचे वजन तीनशे किलोच्या आसपास भरते, आणि हाडे-चरबी काढून घरात येणारे मांस दोनशे किलोच्या घरात जाते. परदेशी शेतकऱ्याकडे ते वर्षभर ठेवायला मोठा फ्रीझर असतो, किंवा गावातला खाटीक त्याच्यासाठी ते गोठवून ठेवतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या आणि वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या खेड्यात हे जमणारे नाही. जेव्हा मोठ्या जनावराचे मांस वाट्याला येई तेव्हा ते वाळवूनच ठेवले जाई. मराठवाड्यात आणि वऱ्हाडात महार-मांग वस्त्यांमध्ये लांब पट्ट्या कापून, दोरीवर उन्हात वाळवून ‘चान्या’ केल्या जात आणि त्या महिनोन्महिने पुरत. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात या खाद्यसंस्कृतीची नोंद आहे. ते मांस पुष्कळदा मेलेल्या जनावराचे असे, आणि मेलेली जनावरे ओढण्याच्या सक्तीशी ते जोडलेले होते; १९२७ च्या महाड परिषदेत मृतमांस सोडण्याचा ठराव झाला तो याच कारणाने. घरच्या गोठ्यात मांसासाठी वाढवलेल्या जनावराची ही गोष्ट नव्हे. पण एवढे मांस एका दिवसात संपत नाही, आणि ते टिकवायला युक्ती लागते, हे त्यातून कळते.

पंचवीस किलोच्या बोकडाला ही अडचण नसते. त्याचे धड अकरा-बारा किलो भरते, मुंडी, पाय, कलेजी, वजडी मिळून आणखी तीनेक किलो. आठ-दहा घरांनी वाटून घेतले तर संध्याकाळपर्यंत काही उरत नाही. जनावराचा आकार आणि घराची साठवण्याची ताकद यांचा मेळ ज्या प्राण्यात बसतो तोच घरच्या मटणाचा प्राणी ठरतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८८ लाख शेळ्या मोजल्या गेल्या, त्यांपैकी सुमारे १ कोटी ६ लाख महाराष्ट्रात. यांतल्या बहुतेक मोठ्या फार्मवरच्या नाहीत, अशाच दोन-चारच्या दावणीच्या आहेत.

महाराष्ट्राच्या शेळ्यांच्या चार जाती राष्ट्रीय नोंदणीत आहेत: उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ आणि बेरारी. यांतली बेरारी ही वऱ्हाडची घरची. तांबूस-बदामी अंग, पाठीच्या कण्यावरून गेलेला काळा पट्टा आणि तोंडावर गडद रेघा ही तिची खूण. गावात तिला लाखी म्हणतात. दक्षिणेकडे हिंगोलीची सीमा असल्याने मराठवाड्यातली काळीभोर उस्मानाबादीही रिसोड आणि वाशीम तालुक्यांत मुरली आहे. तिच्यात जुळी होण्याचे प्रमाण चांगले असते. दोन्ही जाती मध्यम अंगाच्या. पूर्ण वाढलेला बोकड पस्तीस किलोच्या आसपास जातो, बकरी तीस-बत्तिसाच्या. अलीकडे सिरोही, जमनापारी आणि बोअर संकराची जाहिरात फार असते. बोअर ही दक्षिण आफ्रिकेची जात, आणि तिचे वजन झपाट्याने वाढते हे खरे. पण ते वाढते ते भरपूर खुराकावर. मळणीनंतर उरलेल्या कुटारावर आणि धुऱ्यावरच्या पाल्यावर पोसायच्या एका बोकडासाठी जास्त पैसे देऊन बाहेरची जात आणण्यात फारसे शहाणपण नाही.

घरचा बोकड दोन मार्गांनी येतो. एक, आठवडी बाजारातून तीन महिन्यांचे, दूध सुटलेले पिल्लू विकत आणायचे. दुसरा, स्वतःच्या बकरीचे ठेवायचे. गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा, आणि बकरी दोन वर्षांत तीनदा विते. दोन बकऱ्यांपासून वर्षाला साधारण चार पिल्ले मिळतात, त्यांतले एखादे दगावते, निम्मे बोकड निघतात. म्हणजे एक घरी खायला आणि एक विकायला. ज्याच्याकडे पैसा आहे पण माणूस नाही आणि ज्याच्याकडे माणूस आहे पण पैसा नाही, ते दोघे निम्म्या वाट्यानेही बकरी पाळतात: एकाची बकरी, दुसऱ्याची राखण, पिल्ले अर्धी-अर्धी.

बाजारात पिल्लू पाहताना दात, डोळे आणि शेपटीखालची जागा बघावी. बकरीला खालच्या जबड्यातच पुढचे दात असतात, सुरुवातीला आठही दुधाचे. सव्वा वर्षाच्या सुमारास मधली जोडी पडून मोठे दात येतात. तोवरचे जनावर अदात, नंतरचे दोनदाती. बकरी ईदसाठी वर्ष पुरे झालेला, शिंग, कान, पाय यांत व्यंग नसलेला बोकड लागतो, म्हणून त्या हंगामात दोनदात्याला भाव येतो. खालची पापणी ओढून पाहिली तर आतली त्वचा लालबुंद हवी. ती पांढुरकी पडली असेल तर पोटात रक्त पिणारे जंत आहेत असे समजावे. शेपटीखाली हगवण चिकटलेले, नाक वाहणारे पिल्लू कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. एका आजारी पिल्लामागे घरची सगळी दावण जाते. निरोगी दिसणारे नवे जनावरही पंधरा-वीस दिवस वेगळे बांधलेले बरे.

वजनाचा काटा नसला तरी शिलाईची टेप पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजायची. घेराला घेराने गुणायचे, त्याला लांबीने गुणायचे, आणि ६६० ने भागायचे. घेर २६ आणि लांबी २४ इंच असेल तर वजन साडेचोवीस किलोच्या आसपास येते. ही युक्ती ठाऊक असेल तर बाजारात हात फिरवून वजन सांगणाऱ्या दलालापुढे अडखळायला होत नाही.

जागा फार लागत नाही. एका मोठ्या जनावराला छताखाली दहा चौरस फूट आणि उघड्यावर त्याच्या दुप्पट. मात्र वाशीमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात होणारा चिखल बकरीला सोसत नाही. खुरांत फोड येतात, छाती भरते. मुरूम टाकून उंच केलेली, उतार दिलेली जमीन, आठवड्याला चुन्याची भुकटी, आणि पश्चिमेची झड अडवणारी एक भिंत किंवा तट्ट्या, एवढ्यावर भागते. गाय-बैलांच्या कोठ्यातच बकरी बांधली तर थंडीत ऊब मिळते, पण गोचीडही मिळतात.

खाण्याच्या बाबतीत बकरी गाईपेक्षा वेगळी आहे. गाय मान खाली घालून गवत ओढते. बकरी मान वर करून पाला, शेंगा, कोंब निवडते, आणि संधी मिळाली की मागच्या दोन पायांवर उभी राहते. वाशीमच्या शिवारात तिच्या सोयीचे पुष्कळ आहे. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, निंब, सुबाभूळ, शेवरी, धुऱ्यावरचे वेल. जिथे ई-क्लासची गायरान जमीन अतिक्रमणातून वाचली आहे तिथे चराईही होते. वनखात्याच्या जमिनीवर मात्र बकरीला मज्जाव असतो, कारण ती कोवळी रोपे शेंड्यापासून खाते. कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या आजूबाजूच्या गावांना हे चांगले माहीत आहे.

या जिल्ह्याचे खरे भांडवल कुटार आहे. सोयाबीन, तूर, हरभरा ही इथली मुख्य पिके, आणि मळणीनंतर उरणारे कुटार बैल कमी झाल्यामुळे ढिगाने पडून राहते, कित्येक ठिकाणी जाळले जाते. तुरीचे आणि हरभऱ्याचे कुटार बकरी आवडीने खाते. सोयाबीनचे थोडे जाड, काडीचे असते; त्यातले शेंगांचे टरफल ती वेचते आणि काडी सोडते. पंचवीस किलोच्या बोकडाला दिवसाला, पाण्याचा अंश वगळून, साधारण एक किलो चारा लागतो. दोन किलो हिरवा पाला, तीनशे ग्रॅम कुटार आणि दीडशे-दोनशे ग्रॅम खुराक दिला की हा हिशेब जुळतो. खुराकात ज्वारी-मक्याचा भरडा, तुरीची चुनी आणि थोडी सरकी ढेप. ढेप तीन-चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला देऊ नये. सरकीतल्या गॉसिपोल या विषारी घटकाला मोठ्या बकरीचे पोट निष्प्रभ करते, पिल्लाचे पोट तेवढे तयार झालेले नसते. मिठाचा खडा टांगलेला हवा आणि पाणी स्वच्छ. बकरी तहानेने व्याकूळ झाली तरी घाण पाण्याला तोंड लावत नाही.

पोटाचे दोन धोके इथल्या शेतीतूनच येतात. मळणीच्या दिवसांत खळ्यावर सुटलेला बोकड सोयाबीन, गहू किंवा ज्वारी पोटभर खातो. मग पोटात आम्ल वाढते, पोट फुगते आणि दुसऱ्या दिवशी तो आडवा होतो. एरवी खाण्याच्या बाबतीत चोखंदळ असलेल्या प्राण्याने दाण्याच्या बाबतीत असे अक्कलशून्य व्हावे हे नवलच. दुसरा धोका ज्वारीच्या कोवळ्या, पाण्याअभावी सुकलेल्या फुटव्यांचा. त्यात हायड्रोसायनिक आम्ल असते आणि ते काही मिनिटांत जीव घेऊ शकते. ज्वारीचा पेरा कमी झाल्याने ही विषबाधा आता विरळ झाली आहे.

पिल्लू जन्मल्यावर पहिल्या तासाभरात चीक पोटात जाणे हा पुढच्या साऱ्या वाढीचा पाया. बकरीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये पिल्लात उतरत नाहीत, ती चिकातूनच येतात. वार पडली नाही म्हणून चीक पाजायचे थांबणे हा जुना समज पुष्कळ पिल्लांच्या जिवावर उठला आहे. जन्मतः दोन-सव्वादोन किलोचे पिल्लू तीन महिने आईचे दूध पिऊन वर्षाच्या शेवटी पंचवीस किलोला पोचायचे तर रोज साठ-पासष्ट ग्रॅम वाढले पाहिजे. नुसत्या चराईवर ते क्वचितच साधते. थोड्या खुराकाने साधते. म्हणून ज्याला मटणासाठीच वाढवायचे त्या बोकडाच्या आईचे दूध चहासाठी काढण्याचा मोह आवरावा लागतो.

जून-जुलैत फळलेली बकरी नोव्हेंबर-डिसेंबरात विते, आणि वाशीमच्या हवामानाला हे वेळापत्रक सर्वांत चांगले जुळते. पाऊस संपलेला, शिवार हिरवे, तुरीचा पाला हाताशी. पिल्लाचे दूध सुटेपर्यंत हरभऱ्याचे ताजे कुटार येते. उन्हाळा कसातरी निघतो आणि पावसाळ्यात वजन भरते. आषाढात, आखाडीला तो सोळा-सतरा किलोचा असतो, पोळ्याच्या करीला वीसच्या आसपास, आणि पुढच्या धुळवडीला भरदार. ईदची तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते, त्यामुळे ईदचा बोकड धरणाऱ्याला विण्याचा हंगामही हळूहळू सरकवावा लागतो.

पैदाशीसाठी न ठेवायचा बोकड दोन-तीन महिन्यांचा असताना खच्ची करतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात चिमट्याने बाहेरूनच नस दाबून हे होते, रक्त येत नाही. खच्ची न केलेला बोकड सात-आठ महिन्यांपासून बकऱ्यांच्या मागे धावून वजन घालवतो आणि त्याच्या अंगाला येणारा उग्र दर्प मांसातही उतरतो. खच्चीकरण फार लवकर केले तर मूत्रनलिका अरुंद राहते. अशा बोकडाला गव्हाचा कोंडा आणि दाणाच फार दिला की मूतखडा अडकतो, आणि ऐन सणाच्या आठवड्यात तो मुतण्यासाठी कुंथत उभा राहतो. भरपूर पाणी, मीठ आणि खुराकात चुनखडीयुक्त क्षारमिश्रण हा त्यावरचा साधा बंदोबस्त आहे.

रोगांमध्ये सर्वांत घातक पीपीआर. ताप, नाका-डोळ्यांतून घाण, तोंडात फोड, मग हगवण आणि न्यूमोनिया. भारतात तो पहिल्यांदा १९८७ साली तामिळनाडूत आढळला; २०३० पर्यंत जगातून त्याचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट आहे. तीन-चार महिन्यांच्या वयानंतर टोचलेली एक लस तीन वर्षे संरक्षण देते, म्हणजे घरच्या बोकडाला आयुष्यभर पुरते. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या तोंडाशी दरवर्षी द्यावी लागते. कोवळ्या गवतावर अचानक तुटून पडलेले धष्टपुष्ट जनावरच या रोगाने रातोरात मरते. जंतनाशक पावसाळ्याआधी आणि नंतर. कापायच्या बोकडाला दिलेल्या कोणत्याही औषधाच्या वेष्टनावर मांसासाठी किती दिवस थांबायचे ते लिहिलेले असते. तेवढे दिवस मोजल्याशिवाय सुरी लावू नये. बकरी गाभडली तर ते पिल्लू आणि वार उघड्या हाताने उचलू नये. ब्रुसेलोसिस माणसालाही होतो आणि त्याचा ताप महिनोन्महिने पाठ सोडत नाही.

सल्ल्यासाठी पंचायत समितीचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, रिसोड तालुक्यात करड्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे आणि अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था. जातिवंत बोकड हवा असेल तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र अमरावती जिल्ह्यात पोहरा येथे आहे. मानोऱ्याच्या पोहरादेवीशी त्याची गल्लत होऊ नये. अनुदानाच्या योजना बहुधा दहा बकऱ्या आणि एक बोकड अशा गटाच्या असतात. दोन बकऱ्यांच्या दावणीला त्यांचा उपयोग नाही.

कापण्याचे नियम थोडे आहेत पण ठाम आहेत. २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार नगरपालिका हद्दीत परवानाप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर या शहरांत राहणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. गाभण बकरी, तीन महिन्यांच्या आतले पिल्लू असलेली आई आणि तीन महिन्यांहून लहान पिल्लू यांना मनाई आहे. मांस विकायचे तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. बंजारा समाजाच्या पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेत नवसाचे बोकड कापण्याची जुनी रीत आहे आणि ती थांबावी म्हणून चाललेली चळवळही. समाजातच दोन्ही बाजूंची माणसे आहेत.

आदल्या संध्याकाळपासून बोकडाला चारा बंद करून फक्त पाणी ठेवतात. भरलेले पोट फाटले तर सगळे मांस नासते. त्याला शांत, ओळखीच्या जागी ठेवणे हेही तितकेच गरजेचे. पळवून, घाबरवून दमलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपून जाते. मरणानंतर त्याच साखरेचे आम्ल होते आणि मांसाचा सामू सातवरून साडेपाच-पावणेसहापर्यंत उतरतो. साखर नसेल तर सामू उतरत नाही, मांस काळपट, चिकट राहते आणि लवकर बिघडते. गावात कापायला खाटीक येतो. अनेक गावांत हिंदू घरेही मुलाण्याला बोलावून हलाल करून घेतात, म्हणजे वाटा घेणाऱ्या मुसलमान घरांची अडचण होत नाही.

पोट उघडल्यावर आतले नीट पाहणारा खाटीक मोलाचा. कलेजीत चपटे जंत, आतड्यांच्या पडद्यावर लोंबणाऱ्या पाण्याच्या पिशव्या, फुफ्फुसावर कठीण गाठी दिसल्या तर तो भाग फेकून देतात. फेकणे म्हणजे कुत्र्यांपुढे टाकणे नव्हे. त्या पिशव्यांत कुत्र्याच्या पट्टकृमीची पिल्ले असतात. कुत्र्याने ती खाल्ली की त्याच्या विष्ठेतून अंडी अंगणात पडतात, आणि तिथून बकरीच्या आणि कधी माणसाच्या पोटात जातात. खड्डा करून चुना टाकून पुरणे एवढाच उपाय आहे, आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी होत नाही.

मग वाटे पडतात. ताडपत्रीवर किंवा पळसाच्या पानांवर दहा ढीग मांडले जातात आणि प्रत्येक ढिगात फऱ्याचे, मांडीचे, बरगडीचे, कलेजीचे थोडे थोडे जाते, म्हणजे कुणाला नुसते हाड आणि कुणाला नुसती बोटी असे होत नाही. मुंडी आणि पाय बहुधा बोकडाच्या मालकाकडे. तांड्यावर रक्त वाया जात नाही. रक्त आणि आतले भाग घालून बंजारा घरांत सळोई शिजते. बाकी घरांत त्या संध्याकाळी भाजलेले खोबरे, खसखस, लवंग, दगडफूल वाटून पातळ, तर्रीचा रस्सा होतो आणि परातीत ज्वारीच्या भाकरी पडतात.

गावाकडचे मटण तासा-दीडतासात चुलीवर चढते, म्हणजे मांस ताठरण्याआधीच, आणि म्हणूनच ते ताजे असूनही मऊ शिजते. ताजे मांस लगेच थेट फ्रीझरमध्ये टाकले तर थंडीने स्नायू आखडतात आणि ते कितीही शिट्ट्या दिल्या तरी चिवट राहते. ठेवायचेच असेल तर आधी एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आणि मग गोठवावे.

पैशाचा हिशेब मांडला की एक अनपेक्षित गोष्ट दिसते. नऊ महिने रोज दीडशे ग्रॅम खुराक म्हणजे चाळीस किलो. किलोला तीस रुपये धरले तर बाराशे रुपये. लस-औषध दोन-तीनशे. कुटार, पाला आणि राखण घरची. समोर बारा किलो मटण, सातशेच्या भावाने आठ हजार चारशेचे, आणि हजारेक रुपयांची मुंडी-वजडी. पण हाच पंचवीस किलोचा बोकड जिवंत विकला, चारशे रुपये किलोने, तर दहा हजार येतात. म्हणजे घरी कापून खाल्ल्याने पैसा वाचत नाही, उलट थोडा जातोच. गरीब घरातले बहुतेक बोकड यामुळेच बाजारात जातात: दवाखाना, शाळेची फी, पेरणीचे बियाणे यांसाठी. घरी कापला जातो तो सणाचा, नवसाचा किंवा पाहुण्यांचा, आणि वाटे घेणाऱ्या घरांकडून पैसे घेतले जातात तेव्हा मालकाचे आपले मटण जवळजवळ फुकट पडते. पुढच्या वेळी त्यांच्यापैकी कुणाचा बोकड असतो आणि हा वाटा घेणारा असतो. कातडे व्यापारी किरकोळ भावात नेतो. वर्षाकाठी जमलेले दीड-दोन क्विंटल लेंडीखत मात्र विकायला कुणी काढत नाही. ते उन्हाळ्यात वावरात जाते.